एक म्हणजे किती?

मोजणे ही क्रिया मनुष्याच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात काही गृहीत धरलेले असते याचाच त्याला विसर पडतो. एक, दोन, तीन असे म्हणताना तो आकड्यांचा क्रम तेवढा सांभाळतो. 'एक' कशाला म्हणावयाचे हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे असे समजून चालतो. वस्तुतः मोजणीतील सगळी अडचण तिथेच असते. खळ्यावर धान्य मापणारा पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतो. परंतु ते माप शिगेचे की सपाट, हे देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधी ठरविलेले असते. पोथ्या नकलून देणाऱ्यांनीही असाच एक ठराव केला होता. बत्तीस अक्षरे भरली की झाला एक 'ग्रंथ'. मग मजकूर गद्य असो की पद्य, आणि त्यात अनुष्टुभ् छंदाचा मागमूसही नसो. लिहिणाऱ्याची मेहनत मोजावयाची तर तिचे काही एक परिमाण हवे, म्हणून ते ठरविले गेले. ठरविल्यावाचून कोणतीही मोजणी सुरू होत नाही. फक्त ठरविणे जुने झाले म्हणजे ते निसर्गातच होते असे वाटू लागते.

हे विस्मरण अगदी उघडे पडते अशी एक जागा आहे, आणि ती विद्वानांच्या अभ्यासिकेपासून बरीच दूर आहे. ती म्हणजे हौशी मनुष्याने घरच्या टेबलावर जुळविलेले अंकीय गणकाचे सर्किट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास, दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमध्ये सुट्या भागांची दुकाने आहेत. दिल्लीहून १९६९ पासून निघणाऱ्या 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'सारख्या मासिकाने कित्येक पिढ्यांना हा नाद लावला. या नादात पडलेला मनुष्य दिवे लुकलुकवून झाल्यावर बहुधा गणकाकडे वळतो. सामग्री थोडी लागते. सोळा पायांची ४०२६ क्रमांकाची आयसी घ्यावयाची. तिला विजेचा एकेक ठोका मिळाला की ती शून्यापासून नऊपर्यंत एकेक घर पुढे सरकते आणि आकडा दाखविणाऱ्या सात रेघांच्या दिव्यालाही स्वतःच चालविते. नवानंतर ती शून्यावर येते आणि हातचा एक शेजारच्या आयसीकडे पाठविते. अशा तीन आयसी शेजारी शेजारी बसविल्या की ९९९ पर्यंतची मोजणी झाली. एक बटण, एक नऊ व्होल्टची बॅटरी, काही तारा. आणि ब्रेडबोर्ड नावाची ती छिद्राछिद्रांची पाटी, जिच्यात डाग न देता भाग नुसते खोचता येतात.

सर्व जुळवून झाल्यावर हौशी मनुष्य बटण एकदा दाबतो, आणि दिव्यावर एकाऐवजी तीन उमटतात. पुन्हा दाबल्यावर चार येतात. त्यानंतरच्या दाबाला एकदम सात. हा अनुभव या मार्गावरील प्रत्येकाला येतो. आयसी खराब निघाली, दुकानदाराने फसविले, असाच पहिला निष्कर्ष बहुतेक जण काढतात. यंत्राला मोजता येत नाही हे मानणे सोपे असते. आपण त्याच्यापुढे नेमके काय मोजावयास ठेवले, हा प्रश्न त्या वेळी सुचत नाही.

दिल्लीत सरकारी नोकरीत हयात घालवून निवृत्त झालेल्या एका मराठी गृहस्थांच्या घरी या प्रश्नाने काही आठवडे मुक्काम ठोकला होता. त्यांच्या मातोश्री नव्वदीच्या घरात होत्या. तुळशीच्या मण्यांची एकशे आठांची माळ त्यांच्या हातात पाऊणशे वर्षे फिरली होती. परंतु संधिवाताने बोटांची पेरे आखडली आणि त्यात हाताला कंप सुटला, तेव्हा मणी निसटू लागले. एक मणी ओढावा तर दोन यावेत, कधी मेरुमणी कळण्याआधीच ओलांडला जावा. बाजारात बोटात घालावयाचे छोटे मोजणीयंत्र स्वस्तात मिळते. ते आणून पाहिले. त्याचे बटण हरभऱ्याएवढे आणि ताठ. त्यांच्या अंगठ्याला ते दाबवेना. तेव्हा तरुणपणी सर्किटांचा नाद केलेल्या चिरंजीवांनी ठरविले की, तळहाताएवढ्या पट्टीचे, नुसत्या स्पर्शानेही दबेल असे बटण करावयाचे आणि त्याला तीन आकड्यांचा गणक जोडावयाचा. 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरांचा मंत्र एकदा म्हटला की पट्टीवर हात टेकावयाचा. माळेचे काम पट्टी करील, अशी ही योजना होती.

मातोश्रींनी ते यंत्र दोन दिवस वापरले. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "अरे, हे माझ्यापुढं पळतंय. मी एवढं नाम घेतलेलं नाही." चिरंजीवांनी विचारले, "आई, तुला कसं कळलं?" तेव्हा त्यांनी चिंचोक्यांचा डबा पुढे केला. यंत्रावर त्यांचा भरवसा नव्हता असे नव्हे. परंतु नवा माणूस कामावर ठेवला की पहिले काही दिवस त्याचा हिशेब आपणही ठेवावा, अशी त्यांची रीत होती. शेजारी सून बसवून त्यांनी नामागणिक एक चिंचोका बाजूला काढविला होता. चिंचोके एकशे आठ झाले तेव्हा दिव्यावर १४१ होते.

दोषाचा शोध घेणाऱ्याला याहून मोठी मदत मिळू शकत नाही. काहीतरी चुकते आहे ही तक्रार आणि तेहेतीस जास्त आहेत हे मोजमाप, या दोहोंत फार अंतर आहे. गृहस्थांनी प्रथम बटण काढून टाकले आणि त्याच्या जागी ५५५ क्रमांकाच्या आयसीचे संथ, स्वच्छ ठोके गणकाला दिले. शंभर ठोक्यांना दिव्यावर बरोबर १०० आले. याचा अर्थ गणक निर्दोष होता. जे त्याच्याकडे येत होते तेच तो प्रामाणिकपणे मोजत होता. संशयाचे क्षेत्र निम्म्याने कमी झाले. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा चिंचोके मोजावयाचे, हा नेम त्यांनी पुढे शेवटपर्यंत पाळला.

पहिला दोष हास्यास्पद वाटावा असा निघाला. बटण दाबलेले नसताना गणकाची ठोके घेणारी तार कोठेच जोडलेली नव्हती. ती लोंबकळत होती. या जातीच्या आयसीचे कान फार तिखट असतात. लोंबकळणारी तार अँटेनाप्रमाणे घरातील वीजवाहिन्यांची गुणगुण पकडते, आणि भारतातील वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते. त्यामुळे नुसता हात जवळ नेला तरी आकडे सेकंदाला पन्नास या वेगाने धावू लागत. मातोश्री पट्टीवरून हात उचलीत त्या क्षणी यातील काही ठोके गणतीत शिरत. दहा हजार ओहमचा एक रेझिस्टर त्या तारेपासून बॅटरीच्या धन टोकाला जोडला. तार आता निराधार उरली नाही. बटण दाबलेले नसेल तेव्हाही तिला एक निश्चित उत्तर मिळू लागले. जिथे 'नाही' हे उत्तर स्पष्ट दिलेले नसते तिथे वाऱ्यावर आलेले काहीही 'होय' म्हणून घेतले जाते. गणकाच्या बाबतीत ही शब्दशः खरी गोष्ट आहे.

दुसरा दोष अधिक गूढ होता. सातावरून आठावर जाताना कधीकधी आकडे भलतीकडेच उडत. त्याचे कारण दिव्याच्या रेघांत सापडले. सात काढावयास तीन रेघा पुरतात, आठाला सातही लागतात. चार रेघा एकदम पेटल्या की लहानशा बॅटरीवर अचानक ओढ पडते, विजेचा दाब क्षणभर खचतो, आणि त्या खचण्यालाच आयसी ठोका समजते. अर्थात दाखविण्याच्या कामाने मोजण्याच्या कामात ढवळाढवळ केली होती. प्रत्येक आयसीच्या अगदी अंगाशी शून्य पूर्णांक एक मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर आणि बॅटरीपाशी एक मोठा कपॅसिटर बसविला, की ही अडचण दूर होते. घरात पाण्याची टाकी असावी तसे हे कपॅसिटर असतात. नळाची धार मंदावली तरी तेवढ्यापुरते पाणी जवळच साठविलेले असते.

उरला तो तिसरा दोष, आणि तोच या सगळ्या कथेचा नायक. बटण दाबणे ही मनुष्याच्या दृष्टीने एक कृती आहे. परंतु बटणाच्या आत धातूची एक लवचीक पत्री दुसऱ्या पत्रीवर आदळते, आणि जमिनीवर टाकलेल्या चेंडूप्रमाणे तीही काही टप्पे खाते. लागते, सुटते, पुन्हा लागते. एक ते दहा मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत, सगळे शांत होते. मनुष्याला यातील काहीही जाणवत नाही. ज्या आयसीला सेकंदाला लक्षावधी ठोके मोजता येतात तिच्या लेखी मात्र तो शंभरावा भाग म्हणजे एक प्रदीर्घ कालखंड आहे. त्यात पत्री तीनदा लागली असेल तर ती तीनच मोजणार. तिची मोजणी चूक नाही. तीन स्पर्श खरोखरच झालेले असतात. ते तीन मिळून 'एक' आहेत हे तिला कोणी सांगितलेले नसते.

ते सांगण्याच्या रीती अनेक आहेत. त्यांतील एक फार देखणी आहे. एकाऐवजी दोन काठांचे बटण घ्यावयाचे, ज्याची पत्री एका काठावरून सुटून दुसऱ्या काठाला लागते; आणि दोन्ही काठ एकमेकांना धरून ठेवणाऱ्या दोन द्वारांना जोडावयाचे. पलीकडच्या काठाला पहिला स्पर्श झाला की निर्णय पक्का. मग पत्री त्या काठावर कितीही उसळो, जोवर ती पुन्हा अलीकडच्या काठाला येत नाही तोवर तो निर्णय फिरत नाही. नावेतून उतरताना प्रवाशाचा पाय पैलतीरावर दोनदा अडखळला म्हणून त्याने नदी दोनदा ओलांडली असे कोणी म्हणत नाही, त्यातलाच हा प्रकार. परंतु मातोश्रींच्या पट्टीखालचे बटण साधे, एका काठाचे होते. म्हणून गृहस्थांनी दुसरी रीत योजिली: बटणाला समांतर एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि पुढे श्मिट ट्रिगर.

या श्मिट ट्रिगरचे कूळ जाणून घेण्याजोगे आहे. ऑटो श्मिट हा अमेरिकन संशोधक १९३४ मध्ये विद्यार्थी होता. माखल्याच्या मज्जातंतूंतून संवेदना कशी वाहते याचा अभ्यास करताना त्याला या सर्किटाची कल्पना आली. १९३८ मध्ये त्याने ती प्रसिद्ध केली. कपॅसिटर हळूहळू भरत असताना विजेचा दाब उंबरठ्यावर रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यात किंचित गोंगाट मिसळला की एका चढणीचे अनेक ठोके होण्याची भीती असते. श्मिटच्या सर्किटाला एक उंबरठा नसतो, दोन असतात. वर जावयाचे तर वरचा ओलांडावा लागतो; खाली यावयाचे तर बरेच खाली उतरून दुसरा. मधल्या पट्ट्यात कितीही चलबिचल झाली तरी ते आपले मत बदलत नाही.

ऐकून घेतल्यावर काही काळ न ऐकणे, ही गोष्ट मोजणीच्या इतिहासात वारंवार भेटते. मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन १९०९ च्या सुमारास अंधाऱ्या खोलीत डोळे सरावेपर्यंत बसून पडद्यावर चमकणारे अल्फा कणांचे ठिपके एकेक करून मोजीत. पुढे केंब्रिजमध्ये विन-विल्यम्सने १९३२ साली दर दोन ठोक्यांमागे एक ठोका पुढे पाठविणारे सर्किट केले आणि मनुष्याच्या डोळ्याची या कामातून सुटका होऊ लागली. परंतु १९२८ च्या गायगर–म्युलर नळीतही एक कण मोजल्यावर सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागापुरती नळी बहिरी असते. शास्त्रज्ञ त्या बधिर काळाबद्दल दिलगीर नसतात. त्याची लांबी माहीत असली की सुटलेल्या कणांचा अंदाज करता येतो. बधिरता किती आहे हे ठाऊक नसणे, हीच काय ती खरी चूक.

कपॅसिटर आणि श्मिट ट्रिगर बसविल्यावर चिंचोके एकशे आठ झाले तेव्हा दिव्यावर ११७ आले. गृहस्थ चक्रावले. पत्रीच्या उसळ्या तर संपल्या होत्या. त्यांनी स्वतः पट्टी शंभरदा दाबून पाहिली आणि बरोबर १०० मिळाले. मग आईच्याच हाताखाली नऊ जास्त का? त्यांनी एक सकाळ केवळ तिच्या हाताकडे पाहण्यात घालविली. नाम संपताना हात पट्टीवर टेके आणि टेकताना थरथरे. वार्धक्यातील हाताचा कंप बहुधा सेकंदाला चार ते दहा वेळांच्या घरात असतो. दोन थरथरींमध्ये सेकंदाच्या दहाव्या ते चौथ्या भागाचे अंतर. त्यांनी योजलेली वाट पाहण्याची मुदत होती सेकंदाचा शंभरावा भाग. ती पत्रीसाठी पुरेशी होती, हातासाठी नव्हती. आजवर ते बटणाची उसळी थांबवीत आले होते. पट्टीवर टेकलेल्या हातालाही स्वतःची उसळी असते हे कोणत्याही नकाशात दाखविलेले नव्हते.

उपाय सोपा होता. एकच रेझिस्टर बदलावयाचा. रचना अशी होती की, दाबताक्षणी कपॅसिटर रिता होई आणि मोजणी तत्काळ होई. सोडल्यावर मात्र तो रेझिस्टरमधून हळूहळू भरे, आणि पुरता भरल्यावाचून पुढचा दाब मोजला जात नसे. मध्ये हात थरथरून पुन्हा टेकला तर कपॅसिटर पुन्हा रिता होऊन वाट पाहणे नव्याने सुरू होई. गृहस्थांनी खबरदारी म्हणून दहा हजार ओहमच्या जागी एकदम दहा लाखांचा रेझिस्टर घातला. मुदत सेकंदाच्या घरात गेली. एकशे आठ चिंचोक्यांना दिव्यावर ९६ आले. आता थरथर मोजली जात नव्हती, पण जी नामे जरा भरभर झाली ती गळत होती.

"बारा कमी पडताहेत, आई. अजून दुरुस्त करतो," ते म्हणाले.

मातोश्रींनी ते इतके मनावर घेतले नाही. "कमी पडलं तर राहू दे. घेतलेलं नाम कुठं जात नाही. न घेतलेलं तेवढं माझ्या नावावर नको."

या उत्तराने गृहस्थांना थोडे थांबविले. सर्किटाच्या भाषेत नऊ जास्त आणि बारा कमी या दोन्ही चुकाच. किंबहुना दुसरी मोठी. त्यांच्या आईच्या हिशेबात या दोन चुका एका तराजूत बसत नव्हत्या. ज्याने आयुष्यभर कचेरीत जमाखर्चाची दोन्ही पाने जुळविली त्याला हा हिशेब चमत्कारिक वाटावा. परंतु तो अव्यवहारी नव्हता. कणमापनातील शास्त्रज्ञ सुटलेल्या कणांचा अंदाज बांधू शकतो, खोटे कण मात्र त्याला खऱ्यांतून निवडून काढता येत नाहीत. पाठचिकित्सा करणारा अभ्यासकही याच पेचात असतो. लेखनिकाचा डोळा मागे उडून तीच ओळ पोथीत दुसऱ्यांदा उतरली असेल तर ती लेखणीची उसळी. आणि कवीने मुद्दाम आळवलेले चरण असतील तर ते दोन. दोन सारख्या ओळी शेजारी शेजारी दिसल्या म्हणजे एक गाळणारा संपादक कधी कवीचे नाम गाळतो, आणि दोन्ही ठेवणारा कधी लेखनिकाची थरथर छापतो. शाईकडे कितीही पाहिले तरी केवळ शाई हा निवाडा देत नाही. कवीची आळवण कशी असते आणि त्या लेखनिकाचा हात कसा चालतो, हे ज्याला माहीत असते त्याचीच मुदत बरोबर ठरते.

गृहस्थांनी पुढचे दोन दिवस आईचे नाम ऐकण्यात घालविले. एक नाम सावकाश म्हटले तर दोनेक सेकंद, एखादे गडबडीत झाले तरी सेकंदाच्या वर. त्यातून हात टेकलेला असण्याचा वेळ वजा जाता, दोन टेकण्यांमध्ये पट्टी मोकळी राहते ती अर्ध्या सेकंदाहून थोडी अधिक. थरथरीची फट पाव सेकंदाच्या आत. म्हणजे मुदत या दोहोंच्या मध्ये, अर्ध्या सेकंदाच्या जवळपास बसावयास हवी होती. त्यांनी चार लाख सत्तर हजार ओहमचा रेझिस्टर घातला. तो आकडा कोणत्याही पुस्तकात दिलेला नव्हता, आणि दुसऱ्या कोणाच्या हाताला तो लागू पडलाही नसता. त्या दिवशी सुनेने एकशे आठवा चिंचोका बाजूला ठेवला तेव्हा दिव्यावर १०८ होते. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्या दिवशी १०७.

मातोश्री त्या एकशे सातावर समाधानी होत्या. चिंचोके डब्यात परत गेले.